ओरिजिनल नको रे बाबा!

गेल्या शनिवारी एका कॅफेत मित्राचा गिग होता. मित्र माझ्याच इंजिनिअरिंगच्या बॅचचा. सोमवार ते शुक्रवार टेस्टिंग करतो, उरलेल्या वेळात मराठी गाणी लिहितो, स्वतःच चाली लावतो. मालकानं आधीच बजावलं होतं, "ओरिजिनल फार नको. नाइन्टीज वाजवा, पब्लिक खूश होतं." तरी पठ्ठ्यानं तिसऱ्या नंबरला स्वतःचं गाणं घुसवलंच. दुसरं कडवं सुरू झालं आणि मागून कुणीतरी ओरडलं, "ओ सनम!"

तो ओरडणारा मी होतो. आठवडाभर हे डोक्यातून जात नाहीये, म्हणून ही पोस्ट.

मंडळी, आपल्याला झालंय काय? मी १९९७ चा. लकी अलीचं 'ओ सनम' १९९६ चं, म्हणजे माझ्या जन्माच्याही आधीचं. 'दिल चाहता है' २००१ मध्ये आला तेव्हा माझा शेंबूड आई पुसायची. आणि आज ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये मी छाती ठोकून सांगतो, "आमच्या वेळची गाणी म्हणजे..." कसली डोंबलाची आमची वेळ! ती दादाची वेळ होती. टेपमध्ये अडकलेली कॅसेट पेन्सिलनं गुंडाळायचा तो. मी फक्त रीळ ओढून बाहेर काढायचो.

बरं, तेव्हा तरी सगळं सोनंच होतं का? २००२ साली 'काँटा लगा'च्या रिमिक्सनं धुमाकूळ घातला. मूळ गाणं १९७२ च्या 'समाधी'मधलं. आमच्या घरातली मोठी माणसं "गाण्याची वाट लावली" म्हणून करवादायची. आता तोच रिमिक्स लागला की आपण "काय दिवस होते यार" म्हणून हळवे होतो! 'रहना है तेरे दिल में' २००१ मध्ये फारसा चालला नव्हता. २०२४ मध्ये तो परत थिएटरात लागला तेव्हा आमच्या टीमनं रांगेनं तिकिटं काढली. पंचवीस वर्षांत कचरा आपोआप गळून जातो आणि निवडक तेवढं उरतं. त्या निवडक वीस गाण्यांची तुलना आपण आज आलेल्या सगळ्या गाण्यांशी करतो. असलं बेंचमार्किंग ऑफिसात केलं तर रिव्ह्यूमध्ये चामडी सोलतील.

आता खरा मुद्दा. १९९८ मध्ये सिल्क रूटचं 'डूबा डूबा' आलं तेव्हा मोहित चौहान हे नाव किती जणांना माहीत होतं? मागे ना सिनेमा, ना हिरो. पण म्युझिक चॅनलांवर अशा नव्या पोरांना जागा होती, आणि दादासारखी कॉलेजची मुलं पॉकेटमनी साठवून त्यांच्या कॅसेट विकत घेत होती. त्याच सुमारास मराठीत 'गारवा' आला. सौमित्रचे शब्द, मिलिंद इंगळेचा आवाज, तोही सिनेमाशिवाय. त्या श्रोत्यांनी "ओरिजिनल नको" म्हटलं असतं, तर आज मी काय मागायला ओरडलो असतो?

"हल्ली तसं काही बनतच नाही रे," हे उत्तर मला पाठ आहे, मीच देतो. पण गाणी सुचवणारी अ‍ॅप्स कशी चालतात हे निदान आपण आयटीवाल्यांनी तरी विसरू नये. काल जे शेवटपर्यंत ऐकलं त्याच्याच जवळचं आज ताटात पडतं. नवीन गाणं दहाव्या सेकंदाला पुढे ढकलायचं आणि वर नवीन काही नाही म्हणून गळा काढायचा, हा कुठला न्याय?

जुनं ऐकू नका असं माझं अजिबात म्हणणं नाही. पहिल्या पावसात मी 'गारवा' लावणार म्हणजे लावणारच. पण एक माणूस समोर उभा राहून स्वतःचं काही गात असताना त्याला मध्येच तोडणं हा माज आहे. आणि तो मी केला.

मित्रानं गाणं अर्ध्यात सोडलं आणि 'ओ सनम' वाजवलं. सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, मीसुद्धा. नंतर गाडीवर वडापाव खाताना विचारलं, "त्या तुझ्या गाण्यात पुढे काय होतं रे?" म्हणाला, "जाऊ दे ना. तू चटणी घे."

येत्या शनिवारी त्याचा परत गिग आहे. मी तोंड बंद ठेवून पुढच्या रांगेत बसणार आहे. तुम्हीही महिन्याला एका नव्या माणसाचं एक गाणं शेवटपर्यंत ऐका. वीस वर्षांनी आपल्या पोरांना "आमच्या वेळची गाणी" म्हणून बोंबलायला काहीतरी लागेल की नाही?