गुलगुल्यांना का लाजायचं?

आषाढ लागला की आमच्या जुन्नर-आंबेगावात घरोघरी ‘आखाड तळायचा’ असतो. कापण्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि गुळाचे गुलगुले! नव्या नवरीला याच महिन्यात माहेरी आणायचं आणि परत पाठवताना तळणाचा डबा बरोबर द्यायचा, ही जुनी रीत. पण हल्ली आखाड म्हटलं की चर्चा असते ती मटणाच्या पार्ट्यांची. पुरुषांचा आखाड गावभर गाजतो, बायकांचा मात्र कढईपाशीच राहतो.

त्यातही गुलगुले म्हणजे गरिबाचं गोडधोड. खवा नाही, साजूक तूप नाही, काजू-बदाम नाहीत. कणीक, गूळ, तेल आणि असलीच तर बडीशेप, खसखस. म्हणून की काय, पाहुणे आले की आपण गुलगुल्यांचा डबा मागे सारतो आणि दुकानातले गुलाबजाम आणायला कुणाला तरी पिटाळतो.

आता गुलगुल्यांच्या अरबी भावंडाचा तोरा बघा! आखाती देशांत त्याला ‘लुकैमात’ म्हणतात. लुकमा म्हणजे घास, लुकैमात म्हणजे छोटे छोटे घास. यीस्ट घालून फुगवलेल्या मैद्याचे गोळे तेलात सोडायचे, वरून खजुराचा पाक ओतायचा, तीळ भुरभुरायचे. रमजानमध्ये संध्याकाळी रोजा सोडताना हे ताटात हवेतच. बगदादमध्ये १२२६ साली लिहिलेल्या पाककृतींच्या पुस्तकात अशाच गोळ्यांना ‘काजीचे घास’ म्हटलं आहे. म्हणजे न्यायाधीशाच्या तोंडी शोभणारे! दुबईला फिरायला गेलेली आपली माणसं ते कौतुकानं खातात, फोटो काढतात. घरी आईनं तळलेल्या गुलगुल्यांचा फोटो कुणी काढलाय?

बरं, गुलगुले सोपे आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा करून बघावेत. गूळ कोमट पाण्यात विरघळवून गाळून घ्यायचा. त्यात कणीक भिजवायची, ती इतपतच सैल की बोटांवरून घसरेल पण पसरणार नाही. चिमूटभर मीठ घालून पीठ मुरू द्यायचं. तेल जास्त तापलं तर गुळामुळे गुलगुला बाहेरून काळा आणि आतून कच्चा. कमी तापलं तर तेलकट. हा अंदाज कुठल्या पुस्तकात मिळत नाही. तो सासूकडून सुनेकडे, आईकडून लेकीकडे, कढईपाशी उभं राहूनच येतो. याला कसब म्हणायचं नाही, तर कशाला?

आमच्या पश्चिम पट्ट्यात, भीमाशंकर-माळशेजच्या बाजूला, याच पावसात भाताची आवणी चालते. दिवसभर गुडघाभर चिखलात वाकून उभं राहायचं, घरी येऊन ओल्या लाकडांची चूल फुंकायची आणि मग सगळ्यांसाठी तळत बसायचं. गरम गुलगुले पोरं पळवतात, पुरुषांना ताटात मिळतात. जिनं तळले तिच्या वाट्याला येतो तो गार झालेला शेवटचा घाणा. अन् तोही उरला तर!

“तळलेलं आणि त्यात गोड, कशाला खायचं?” असं कुणी म्हणेल. रोज खाऊ नकाच. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी जपावंच. पण वर्षातून एकदा घरी तळलेल्या चार गुलगुल्यांवर डोळे वटारायचे आणि वाढदिवसाचा क्रीमचा केक मात्र महिन्यातून दोनदा कापायचा, हे काही पटत नाही.

मला वाटतं, दोन गोष्टी तर सहज करता येतील. बचत गटांच्या बायका पापड-लोणची विकतातच. त्यांनी आखाडात आठवडे बाजाराला गरम गुलगुल्यांची कढईही मांडावी. आणि भाव लावताना पीठ-गूळ-तेलाबरोबर आपली मजुरीही धरावी, लाजू नये. घरच्या कामाला मोल नसतं, असं म्हणत म्हणतच ते फुकटात जातं.

दुसरी गोष्ट घरातली. यंदा आखाड तळाल तेव्हा झारा थोडा वेळ नवऱ्याच्या नाहीतर मुलाच्या हातात द्या. पहिल्या घाण्यातले चार गुलगुले स्वतःच्या ताटलीत काढा आणि गरम असतानाच, बसून खा!