‘हे तर कोणीही केलं असतं!’

सभासद बंधूंनो, ऊसलागणीचे एखादे नवे यंत्र प्रदर्शनात आले आणि त्यावर ‘पेटंट’ असे लिहिलेले दिसले, की आपल्यातला कोणीतरी हमखास म्हणतो, “ह्यात काय मोठं? आमच्या गावच्या फिटरनंही केलं असतं.” हे बोलणे आम्ही हसण्यावारी नेत नाही. कायदाही हेच विचारतो. वस्तू नुसती नवी असून भागत नाही. त्या धंद्यातल्या जाणत्याला ती सहज सुचण्याजोगी नसावी लागते.

मिर्झापूरच्या भांडी कारखानदारांचा खटला पाहा. लेथवर भांडे हेडस्टॉकला लावून घासताना ते सुटून उडायचे, कामगाराच्या जिवाला धोका. एकाने समोरून टेलस्टॉकचा दाब देऊन भांडे पकडले आणि १९५१ च्या अर्जावर पेटंट मिळवले. दुसऱ्याने तीच रीत वापरली म्हणून दावा झाला. रीत उपयोगी होती, वाद नाही. पण टेलस्टॉक काही नवा नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली निकाल दिला: ही वर्कशॉपातली सुधारणा, शोध नव्हे. निकाल रास्तच झाला. नाहीतर टर्नरच्या रोजच्या हुशारीवर कोणीही रॉयल्टी मागत सुटेल!

मात्र आपण बोलतो ते यंत्र बघून झाल्यावर. उत्तर कळल्यावर गणित सोपेच वाटणार. म्हणून न्यायालयाने कसोटी घातली ती अर्जाच्या तारखेची. त्या दिवशी, हा शोध न पाहिलेल्या कसबी कारागिरापुढे तीच अडचण ठेवली असती, तर तेव्हाच्या माहितीतून त्याला वाट सापडली असती का? अडचण वर्षानुवर्षे सगळ्यांना छळत होती आणि तरी कोणी केले नाही, तर “कोणीही केलं असतं” म्हणताना जरा थांबावे.

लागवडीच्या पद्धतीला आपल्या कायद्यात पेटंटच नाही. जोडओळीच्या लागणीसाठी कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत. अवजारांचे तसे नाही. पेटंट मंजूर होण्यापूर्वी कोणालाही लेखी हरकत घेता येते, पण “आम्ही हे आधीपासून करतो” हे तोंडी चालत नाही, तारखेचा पुरावा लागतो. तेव्हा आपल्या फिटरने काही सुधारणा केली, तर ती चित्रासह या पत्रकात छापावी, अशी आमची संचालक मंडळाला सूचना आहे. त्याला स्वतः पेटंट घ्यायचे असेल, तर मात्र आधी अर्ज, मग छपाई.