पुसण्याआधी विचारा

केडगावला माझा भाचा राहतो. ईदच्या आधी त्याच्या घरात साफसफाई चालली होती. तेव्हा त्याला वाटले, आपला संगणकही साफ करावा. त्यातील जागा संपत आली होती. तो मला म्हणाला, "मामू, या विंडोजच्या फोल्डरमध्ये कितीतरी जुन्या फायली पडून आहेत. काढून टाकू का?"

मी विचारले, "त्या कशासाठी आहेत, हे तुला माहीत आहे का?"

"नाही."

"मग थांब. याच संगणकात तुझ्या अब्बांचा दुकानाचा हिशेब आहे. संगणक सुरूच झाला नाही, तर ते हिशेब कुठे पाहणार?"

माझे मत असे आहे, की ज्या वस्तूचे काम आपल्याला ठाऊक नाही, तिला निरुपयोगी म्हणू नये. नगर-पुणे रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये इंजिन जोडून झाल्यावर एखादा बोल्ट उरला, तर चांगला मिस्त्री तो फेकत नाही. तो कुठला आहे, हे आधी शोधतो. संगणकातही एकच फाइल अनेक प्रोग्रॅमना लागते. एका प्रोग्रॅमला ती नको असली, तरी दुसऱ्याचे काम तिच्यावाचून अडते.

सन २००२ मध्ये एक ई-मेल जगभर पसरला. ज्या फाइलवर अस्वलाच्या पिल्लाचे चित्र आहे, ती व्हायरस आहे, ती काढून टाका, असे त्यात सांगितले होते. खरे तर ती विंडोजचीच फाइल होती. पुष्कळांनी घाबरून ती आपल्याच हाताने काढली. व्हायरस नव्हताच, होती ती फक्त अफवा!

मग काहीच काढू नये का? तसेही नाही. डिस्क भरली, की संगणकाचे काम अडते. रिसायकल बिनमधील फायली एकदा पाहून काढाव्यात. तात्पुरत्या फायली काढण्याची सोय विंडोजमध्येच आहे. तिचाच उपयोग करावा. विंडोजची नवी आवृत्ती घातल्यावर जुनी आवृत्ती 'विंडोज.ओल्ड' या फोल्डरमध्ये राहते. नवी नीट चालली नाही, तर जुन्या आवृत्तीकडे परत जाता येते. म्हणून ते फोल्डर घाईने काढू नये. साधारण १० दिवसांनी विंडोज ते स्वतःच काढते. महत्त्वाच्या फायलींची प्रत मात्र आधीच दुसरीकडे ठेवावी.

शेवटी आम्ही भाच्याचे डाउनलोडचे फोल्डर उघडले. एकच चित्रपट तीन वेळा उतरवलेला होता! जागा विंडोजने नव्हे, त्यानेच अडवली होती. तो हसला आणि त्याने दोन प्रती काढून टाकल्या.

साफसफाई जरूर करावी. पण तिची सुरुवात आपण स्वतः आणलेल्या वस्तूंपासून करावी. ज्याची माहिती नाही, त्याविषयी आधी जाणत्याला विचारावे. विचारायला थोडा वेळ लागतो. पण गेलेली फाइल प्रत्येक वेळी परत मिळतेच असे नाही.