मत्स्यालय पाहावे काय?

गतवर्षी आमच्या शाळेत पालकांची सभा भरली असता एका गृहस्थांनी उभे राहून साधाच प्रश्न केला. "सुटीत मुलांस मुंबईस नेण्याचा विचार आहे, सर. समुद्र तर दाखवूच. पण मत्स्यालय म्हणतात, तेही दाखवावे काय? चार माणसांचा खर्च आहे, म्हणून विचारतो." सभेत थोडा हशा पिकला. मासेच पाहावयाचे तर बाजाराच्या दिवशी चामोर्शीत पुष्कळ दिसतात, असेही कोणी म्हणाले. आम्ही त्या वेळी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. परंतु घरी आल्यावर वाटले की, प्रश्न हसण्याजोगा मुळीच नव्हता. कष्टाचा पैसा मुलांच्या ज्ञानासाठी खर्च करू इच्छिणारा बाप तो कोठे खर्चावा असे विचारतो, तेव्हा शिक्षकाने विचारपूर्वक उत्तर दिले पाहिजे. राहून गेलेले ते उत्तर आज या अंकातून देत आहोत.

प्रथम व्यवहाराचा विचार करू. आपल्या गावाहून नागपूर सुमारे दोनशे किलोमीटर, आणि नागपुराहून मुंबई रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर. जाण्यायेण्यात दोन रात्री गाडीत जातात. एवढे करून मुंबईस पोहोचावे, तर ज्या मत्स्यालयाचे नाव आपल्याकडे सर्वांच्या तोंडी आहे, ते मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय 2020 सालच्या साथीत बंद झाले, आणि पुढे त्याची जुनी इमारत पाडून नवी बांधावी असा विचार पुढे आला. तेव्हा मुंबईचे असो की अन्य शहराचे, मत्स्यालय उघडे आहे किंवा नाही याची चौकशी केल्यावाचून कोणीही घर सोडू नये. बंद दरवाजासमोर लहान मुलाची समजूत घालणे किती कठीण, हे आईबापांस सांगावयास नको.

आता मत्स्यालय म्हणजे काय ते पाहू. काचेच्या हौदांत जिवंत जलचर ठेवून ते लोकांस दाखवण्याची प्रथा फार जुनी नाही. असे पहिले सार्वजनिक मत्स्यालय लंडन येथील प्राणिसंग्रहालयात 1853 साली उघडले. आपल्या देशात मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर 1909 साली मत्स्यालय झाले. मुंबईचे मत्स्यालय 1951 साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उघडले. त्यास सुमारे आठ लक्ष रुपये लागले आणि त्यांपैकी दोन लक्ष तारापोरवाला या पारशी दात्याने दिले. 2015 साली ते नव्याने सजवून उघडण्यात आले, तेव्हा माथ्यावरून मासे पोहताना दिसावेत असा बारा फूट लांबीचा पारदर्शक बोगदाही त्यात बांधला होता.

या हौदांमागे मोठे शास्त्र असते. माशांच्या मलमूत्रापासून पाण्यात अमोनिया उत्पन्न होतो व तो माशांस विषासारखा बाधतो. वाळूखड्यांच्या थरांत वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे प्रथम नायट्राइट आणि नंतर त्याहून पुष्कळच कमी अपायकारक असे नायट्रेट करतात. समुद्राच्या माशांसाठी एका लिटर पाण्यात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार लागतात. हे प्रमाण बिघडले की मासा आजारी पडतो. पाण्यात हवा सतत खेळवावी लागते, उष्णता राखावी लागते. ज्याने हे जाणून हौद पाहिला, त्याने रसायनशास्त्राचा एक धडाच प्रत्यक्ष पाहिला. ज्याने न जाणता पाहिला, त्याने रंगीत मासे पाहिले, इतकेच.

आम्ही स्वतः हे मत्स्यालय पाहिले आहे. 2019 च्या जानेवारीत शाळेची सहल मुंबईस गेली होती. आमच्याबरोबर चाळीस मुले होती आणि हाताशी वेळ थोडा होता. मुले या हौदाकडून त्या हौदाकडे धावत होती, आणि आम्ही शिक्षक त्यांची शिरगणती करीत होतो. तीन-चार मिनिटांतच कित्येकांनी "आता समुद्रावर जाऊ" असा धोशा लावला. यात दोष त्या संस्थेचा नव्हता. आमच्या घाईचा आणि तयारीच्या अभावाचा होता.

मात्र एक मुलगा एका हौदासमोरून हलेना. हौदात सापासारखा लांब, दगडाच्या कपारीतून डोके बाहेर काढलेला समुद्रातील मासा होता. आम्ही त्यास हाक मारली व घाईघाईने सांगितले, "ही वाम, चल पुढे." तो हळूच म्हणाला, "सर, हे आपली वाम नाही. आपल्या वामीच्या पाठीवर काटे रायतेत." आम्ही निरुत्तर झालो. गावी आल्यावर पुस्तक उघडून पाहिले, तो मुलाचे म्हणणे अक्षरशः खरे! आपल्या नदीतील वामीच्या पाठीवर सुट्या काट्यांची रांग असते. समुद्रातील त्या माशास ती नसते. नाव एक पडले तरी दोन्ही निराळ्या कुळांचे मासे आहेत.

हा मुलगा ढिवराचा. त्याचे वडील वैनगंगेत जाळे टाकून घर चालवत. शाळेच्या अर्जात त्याने वडिलांचा धंदा 'शेती' असा लिहिला होता, आणि घरी तर गुंठाभरही जमीन नव्हती. त्याच्या दप्तरास मासळीचा वास येतो म्हणून बाकावरील सोबती सरकून बसत. हे आम्ही पाहिले होते, आणि लिहिण्यास लाज वाटते, पण पाहूनही न पाहिल्यासारखे केले होते. दहा-बारा वर्षे आम्ही या गावात विज्ञान शिकवीत होतो. वर्गातच बसलेल्या या ज्ञानास आम्ही एकदाही प्रश्न विचारला नव्हता. तो विचारावयास आम्हांस हजार किलोमीटर दूर जावे लागले.

त्या दिवसापासून आमच्या मनात एक गोष्ट पक्की झाली आहे. मत्स्यालय हे ज्ञानाचे पहिले दार नव्हे, दुसरे होय. ज्याने आपली नदी पाहिली आहे, त्यास मत्स्यालयात तुलना करता येते आणि प्रश्न सुचतात. ज्याने ती पाहिली नाही, त्यास काचेमागील मासा आणि कपड्यावर छापलेला मासा यांत फारसे अंतर वाटत नाही.

शिवाय काही गोष्टी हौदात दिसूच शकत नाहीत. मरळ घ्या. पावसाळ्यात तिची तांबूस पिलांची झुंड पाण्याच्या वरच्या थरात फिरते आणि मोठी मरळ खाली राहून तिची राखण करते. तशा वेळी मोठी मरळ पकडली तर मागे सारी पिले अनाथ होतात, हे जुने ढिवर जाणतात. मरळ व शिंगी हे मासे पाण्याबाहेरची हवा घेऊ शकतात, म्हणून उन्हाळ्यात आटत चाललेल्या डबक्यातही ते तग धरतात. शिंगीच्या काट्याची वेदना ज्यास एकदा झाली, त्यास तिचे वर्णन पुस्तकात वाचावे लागत नाही.

आणि नदी म्हणजे केवळ मासे नव्हेत. मार्कंड्याजवळ वैनगंगा उत्तरेकडे वळते. चपराळ्यापाशी ती वर्धा नदीस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीस मिळते, आणि आपल्या घाटावरचे पाणी अखेर बंगालच्या उपसागरास जाते. वरच्या बाजूस गोसेखुर्दचे धरण आणि आपल्याजवळ चिचडोहचा बंधारा झाल्यावर तिचा प्रवाह पूर्वीसारखा राहिलेला नाही. तसेच आपले मामा तलाव. मालगुजारी 1950 च्या कायद्याने रद्द झाली व पुढील वर्षी हे तलाव शासनाकडे गेले, म्हणून ते माजी मालगुजारी तलाव. भंडारा-गोंदियाकडे ढिवर समाजाच्या लोकांनी अशा काही तलावांतील बेशरम उपटून तेथे देशी पाणवनस्पती लावल्या, तेव्हा कमी झालेले देशी मासे पुन्हा वाढू लागले. वनस्पती, मासा, पक्षी आणि माणूस यांचे हे नाते तलावाच्या काठीच समजते. हौदातला मासा आपल्या पाण्यापासून, आपल्या शत्रूपासून आणि आपल्या अन्नापासून तोडलेला असतो.

"तर मग मत्स्यालय निरुपयोगी म्हणावे काय?" असे कोणी विचारील. मुळीच नाही. समुद्रातील कासव, पाकट किंवा प्रवाळातील मासा आपल्या नदीत कधीही दिसणार नाही. पाण्यात न उतरता, न भिजता, पाण्याखालचा प्राणी आपल्या सहज हालचालीत पाहता यावा ही सोय थोडी नव्हे. गरिबाच्या मुलास समुद्राचा तळ दाखवणारे दुसरे साधन नाही. चित्रपटात मासा दिसतो हे खरे. परंतु तो दिग्दर्शकास हवा तेवढाच दिसतो. हौदासमोर मूल आपल्या इच्छेस येईल तितका वेळ उभे राहू शकते.

म्हणून कामानिमित्त शहरात जाणे झालेच, तर मत्स्यालय अवश्य पाहावे. केवळ त्यासाठी कर्ज काढून प्रवास करू नये. कोणते पाहावे याची पारखही सोपी आहे. प्रत्येक हौदावर माशाचे नाव, तो कोठील व काय खातो हे आपल्या भाषेत लिहिलेले असावे. पाणी स्वच्छ, मासे थोडके आणि लपावयास आडोसा असावा. दाटीवाटीने कोंबलेले मासे पाहून मूल दया शिकत नाही, निष्ठुरता शिकते. समुद्रातील शोभेचे मासे बहुधा पाळून वाढवलेले नसतात, प्रवाळातून धरून आणलेले असतात, हेही विसरू नये. शहरांच्या मैदानांवर पाण्याखालच्या बोगद्याची जी तात्पुरती प्रदर्शने भरतात, तेथे तर ही पारख अधिकच करावी. डॉल्फिनांच्या खेळांस 2013 साली केंद्र शासनाने आपल्या देशात मनाई केली, ती योग्यच झाली.

पाहावयाचे कसे, तेही सांगतो. गर्दीचा दिवस टाळावा. दीड तासाहून अधिक वेळ लहान मुलांस ठेवू नये. सारे हौद पाहण्याचा हट्ट सोडून पाचच निवडावेत आणि प्रत्येकापुढे दहा मिनिटे थांबावे. काचेवर टिचक्या मारू नयेत. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंस पाण्याचे कंप जाणणारी रेषा असते, आणि आपली टिचकी त्यास धक्क्यासारखी लागते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे पाण्यातील मासा खऱ्या अंतराच्या सुमारे तीन-चतुर्थांश अंतरावर भासतो, हेही मुलांस तेथेच दाखवून द्यावे.

परंतु या सर्वांच्या अगोदर एक रविवार वैनगंगेस द्यावा. खर्च बसभाड्याचा आणि शिदोरीचा. पहाटे डोंगा काठास लागतो त्या वेळी पोहोचावे. वडीलधाऱ्यांवाचून कोणी पाण्यात पाऊल घालू नये. जाळ्यातून काय निघाले ते पाहावे, नावे विचारून वहीत लिहावीत, आणि पूर्वी मिळत असे पण आता मिळत नाही असा मासा कोणता, हे अवश्य विचारावे. सांगणाऱ्यास 'काका' म्हणावे, 'तुम्ही' म्हणावे. तो त्या दिवसाचा आपला शिक्षक होय.

सहलीनंतर आम्ही तसेच केले. त्या मुलाच्या वडिलांस विनंती केली. ते संकोचाने म्हणाले, "मी काय शिकवणार, सर? मले लिहिता येत नाही." तरी आले. तासभर वर्ग वाळूत बसला होता, आणि मुलगा वडिलांच्या शेजारी जाळे धरून उभा होता. वास येतो असे त्या दिवशी कोणी म्हटले नाही. पुढल्या वर्षीच्या अर्जात त्याने वडिलांचा धंदा 'मासेमारी' असा लिहिला. आमच्या अध्यापनाचे याहून मोठे फळ आम्हांस आठवत नाही.

तेव्हा सभेतील त्या गृहस्थांस आमचे उत्तर असे: मत्स्यालय उघडे असेल, वाटेवर असेल, तर मुलांस जरूर दाखवा, पण मुंबईच्या गाडीत बसण्यापूर्वी त्यांस नदीवर न्या. आणि बालमित्रहो, तुम्ही काचेसमोर उभे राहाल तेव्हा "हा आमच्या नदीतल्यासारखा नाही" असे एक तरी वाक्य तुमच्या तोंडून निघावे. ते निघाले, तर तुमच्या आईबापांचा पैसा कारणी लागला असे समजा.