हिशेब तिला येतो, नोंद तुम्ही ठेवा



"बाईला पैशातलं काय कळतं?" हे वाक्य आपण सगळ्यांनी कधी ना कधी ऐकलंय. अमेरिकेतल्या स्पॅनिश बोलणाऱ्या कष्टकरी कुटुंबांना मोबाइलवरून पैशाचं नियोजन शिकवतात, त्याबद्दल वाचत होते. तेच वाक्य तिथेही भेटलं, फक्त गोड भाषेत. खर्च लिहा, बाहेरचं खाणं टाळा, थोडं बाजूला टाका. जणू या बाईनं जन्मात कधी काही बाजूला टाकलंच नाही!

अहो, मेक्सिकोहून आलेल्या बायका तिथे 'तांदा' चालवतात. समजा दहा जणी आहेत. प्रत्येकीनं आठवड्याला १०० डॉलर काढायचे आणि दर आठवड्याला एकीनं १००० उचलायचे. ओळखलंत ना? आपली भिशीच ती! व्याज नाही, कागद नाही, शब्दावर चालतं. शिवाय गावी आईवडिलांना पैसे जातात ते वेगळेच. २०२३ मध्ये परदेशात राबणाऱ्यांनी मेक्सिकोला ६३ अब्ज डॉलरहून जास्त पाठवले, त्यातले बहुतेक अमेरिकेतून. या लोकांना काटकसरीचे धडे कसले देता?

अडचण वेगळीच आहे. तिथे भाड्याचं घर हवं असो की गाडीसाठी कर्ज, आधी क्रेडिट स्कोअर बघतात. तांदाचे हप्ते वीस वर्षं वेळेवर भरले तरी त्यात एक ओळ उमटत नाही. बाई प्रामाणिक, पण कागदावर कोरी!

सॅन फ्रान्सिस्कोत २००७ मध्ये सुरू झालेल्या मिशन ॲसेट फंडानं हे नेमकं हेरलं. मंडळ तेच ठेवलं, व्याज शून्यच ठेवलं. फक्त सह्या घेतल्या आणि भरलेले हप्ते क्रेडिट ब्यूरोला कळवायला सुरुवात केली. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियानं अशा बिनव्याजी कर्जांसाठी कायदाही केला. जे होतंच, ते मोजलं.

"मग फोन नकोच का?" असं विचाराल. हवा ना! तांदात कुणी पहिली उचल घेऊन पसार झाली तर बाकीच्या कुणाकडे जाणार? फोनवर नोंद राहिली तर हाती पुरावा राहील. भाड्याच्या आदल्या दिवशी खात्यात किती उरलेत ते तिच्या भाषेत कळलं, तर बँकेचा दंड वाचेल. हे खरं काम आहे.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की पहिला मेसेज उपदेशाचा नको, प्रश्नाचा हवा: "ताई, तुम्ही आत्ता कसं भागवता?" उत्तर नीट ऐका. गावी पाठवलेल्या पैशांना उधळपट्टी म्हणू नका, तो घरखर्चच आहे.

आणि आपणही लक्षात ठेवूया. सुनेला, कामवाल्या मावशींना हिशेब शिकवायला बसण्याआधी त्यांचा हिशेब एकदा ऐकून घ्यावा. बहुतेक वेळा आपणच काहीतरी शिकून उठतो.