रेडिओ कोणाच्या ओसरीवर बोलत होता?

शेतकरी व कारागीर बंधूंनो, ता. 3 सप्टेंबर 1939 रोजीं सकाळीं सव्वाअकरा वाजतां चेंबरलेनसाहेबांनीं लंडनच्या रेडिओवरून आपल्या लोकांस युद्ध सुरू झाल्याचें सांगितलें. त्याच दिवशीं व्हाइसरॉय लिनलिथगो यांनीं हिंदुस्थानास त्या युद्धांत ओढलें, तें मात्र रयतेस न विचारतां!

विलायतेंत 1940 पासून रोज सकाळीं सव्वाआठला घरधनिणीस मोजक्या शिध्यांत काय रांधावें तें सांगत, कारखान्यांतल्या मजुरांसाठीं दिवसांतून दोनदां अर्धा अर्धा तास वाद्यें वाजवीत, रात्रीं नऊला बातम्या देत. मजुराचा हात चालला तरच तोफ चालते, हें तेथल्या सरकारास कळत होतें. मग आम्ही विचारतों, वाशीम तालुक्यांतल्या कुणब्याचे, तेल्याचे, सुताराचे हात काय लांकडाचे होते?

मध्यप्रांत-वऱ्हाडांत सबंध युद्धांत एकही केंद्र नव्हतें. नागपूरचें निघालें 1948 सालीं. लंडनवाले 1942 सालीं मराठींत बोलूं लागले खरे. पण ऐकावयास यंत्र हवें, बॅटरी हवी, वर सरकारी परवाना! ही ऐपत सावकाराची. डिसेंबर 1941 मध्यें जपान युद्धांत उतरला आणि वऱ्हाडच्या आंखूड धाग्याच्या कापसाचें मोठें गिऱ्हाईक तुटलें. ज्यास हें रात्रीं कळलें तो सकाळीं बाजारांत शहाणा. बाकीच्यांनीं गाड्या भरून नेल्या.

मुंबईस ऑगस्ट 1942 पासून उषा मेहता व त्यांच्या सोबत्यांनीं चोरून रेडिओ चालविला. त्या छातीस आमचा मुजरा. पण तोही बोलला इंग्रजींत व हिंदुस्थानींत!

1947 सालीं स्वराज्य आलें तेव्हां देशाच्या वांट्यास सहा केंद्रें होतीं. शंभरांतल्या अकरांनाच तीं ऐकूं येत. उरलेल्या एकोणनव्वदांत आपण होतों.