श्रावकाचार आणि व्यवहार : रोपाचे अन्नपान

चातुर्मास आणि वृक्षारोपण यांचा हंगाम एकच. चंद्रपूर-गडचिरोलीच्या वनप्रदेशात पाऊस स्थिरावला की मूल, ब्रह्मपुरी, देसाईगंज येथील राइस मिलच्या आवारांत, वरोरा-राजुरा भागातील जिनिंगमध्ये, गोदामांच्या व पेट्रोलपंपांच्या कडेने रोपे लावली जातात. समारंभ होतो, छायाचित्र निघते. पुढे वैशाखात पारा ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा त्यांतील किती रोपे जगली हे विचारण्यास सहसा कोणी येत नाही.

‘आपला मुलूखच जंगलाचा, येथे झाड आपोआप वाढते,’ हा समज त्यामागे असतो. परंतु अरण्यातील रोपाला पाचोळ्याचे आच्छादन व मोठ्या वृक्षांची सावली लाभते. आवारातील रोपाच्या वाट्याला दाबलेला मुरूम, तापलेल्या पत्र्याची झळ आणि ट्रकची चाके येतात. वनस्पतिकाय हा स्थावर, एकेंद्रिय जीव आहे. तो पाण्यापाशी चालत जाऊ शकत नाही. त्याला रोपवाटिकेतून आणून आपण आपल्या आश्रयास ठेवले, तर त्याच्या अन्नपानाचा भार आपल्यावर येतो.

अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण प्रतिक्रमणात आठवतो. ते प्रामुख्याने त्रस जीवांच्या संदर्भात सांगितले आहेत, हे खरे. तरीही आश्रिताशी कसे वागू नये याचा तो आदर्श पाठ असल्याने रोपासाठीही मार्गदर्शक ठरतो.

पहिला विचार अन्नपाननिरोधाचा. रोपाला किमान दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावेच लागते. रोज वरवर शिंपडल्याने मुळे पृष्ठभागाशीच राहतात. काही दिवसांच्या अंतराने, परंतु खोलवर मुरेल असे पाणी दिल्यास ती खाली जातात. मुरमाड जमिनीत पाणी लवकर द्यावे लागते. काळ्या जमिनीत अंतर वाढवावे, कारण साचलेल्या पाण्याने मुळे कुजतात. बोटभर माती उकरून ओल पाहावी, मगच पाणी द्यावे. अप्कायाची यतनाही त्यातच साधते. बुंध्याशेजारी पुरलेल्या, तळाशी छिद्र व वात असलेल्या मडक्याने थोडक्या पाण्यात काम होते. रोप वाढेल तसे आळे रुंद करावे. आळ्यात धानाचे तणस किंवा पाचोळा तीन-चार इंच पसरावा, मात्र बुंध्याला भिडू देऊ नये. आवारातील पाचोळा जाळल्याने असंख्य सूक्ष्म जीवांचा घात होतो. तोच येथे रोपाच्या कामी येतो.

दुसरा बंध. तारेने आवळलेले रोप जाड होऊ लागले की तार सालीत रुतते. आधाराची काठी सुतळीने सैलसर बांधावी व खोड सावरताच, साधारण वर्षभराने, काढून घ्यावी. लावताना प्लास्टिकची पिशवी पूर्ण काढली आहे ना, हेही पाहावे.

तिसरा छेद. फलकासाठी ठोकलेला खिळा, केबलच्या चरात तुटलेली मुळे आणि सर्वांत घातक म्हणजे गवत कापण्याच्या यंत्राने सोललेली साल. सालीखालूनच पानांतील अन्न मुळांकडे उतरते. ती सभोवार निघाली की झाड हळूहळू मरते. बुंध्याभोवतीचे गवत हातानेच काढावे.

चौथा अतिभारारोपण. वाहनांच्या वजनाने माती घट्ट होऊन मुळांना हवा मिळत नाही. बुंध्याभोवती किमान एक मीटर जागा पेव्हर ब्लॉकविना मोकळी ठेवावी, कडेने दगड लावावेत. तेथे राख वा कोंड्याचा ढीग घालू नये.

उधईचा उपद्रव या भागात मोठा. त्यासाठी जहाल विष ओतण्याऐवजी लावतानाच खड्ड्यात निंबोळी पेंड मिसळावी आणि रोप पाण्यावाचून दुर्बल होऊ देऊ नये. कडुनिंब, करंज, बहावा, जांभूळ हे येथील हवामान सोसणारे वृक्ष. कुंपणाशी मेंदी, अडुळसा उत्तम. वड-पिंपळ लावायचे तर इमारतीपासून दूर लावावेत.

पंधरा कर्मादानांत वनकर्म त्याज्य मानले आहे, आणि या जिल्ह्यांचा व्यापार तर लाकूड-बांबूच्या आधाराने वाढला. म्हणून येथील श्रावक व्यापाऱ्याने झाडांच्या बाबतीत अधिक काटेकोर असावे. पुढच्या वैशाखात जितक्या रोपांना पाणी देता येईल, तितकीच यंदा लावावीत. दिवाळीच्या वहीपूजनावेळी नव्या चोपडीत त्यांची संख्या लिहावी, पाणी घालणाऱ्या माणसाचे नाव लिहावे आणि पुढील दिवाळीला ती संख्या पुन्हा मोजावी.